दुधाच्या बाटलीशेजारी हार्ड डिस्क

माझ्या डोक्यात काय साठतं आणि काय नाही, यावर माझा काडीचाही ताबा नाही. माझ्या लेकीच्या, ओवीच्या, पुढच्या लसीची तारीख मला फ्रिजवर चिकटवून ठेवावी लागते. पण घरत शेठच्या ऑफिसात कोण कधी काय म्हणालं, ते शब्दन् शब्द जागच्या जागी आहे. असे किस्से कुणी जमवत बसत नाही. ते आपोआप साठतात आणि पुसायला गेलं की जास्तच ठळक होतात. मैत्रिणी जमल्या की "अनघा, तो कबुतरांचा सांग ना" अशी फर्माईश होते. मी सांगते. त्या हसतात. मग मीही हसते, म्हणजे पुढचा सांगता येतो.

ऑफिस म्हणजे जेमतेम चार टेबलं, कळंबोलीच्या पुढे. न्हावा शेवा बंदरातून निघालेले कंटेनर आमच्या यार्डात उतरायचे, काही दिवस उभे राहायचे आणि पुढे जायचे. कुठला कधी आला, कुठल्या रांगेत आहे, कधी गेला, हे कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझं. मालक घरत शेठ. त्यांची शेती प्रकल्पात गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी यार्ड टाकलं. हिशेबाला सबनीस काका. आणि मशीन बिघडलं की उरण नाक्याजवळच्या दुकानातून येणारा इम्तियाजभाई. त्याची प्रत्येक बिघाडाबद्दल दोन मतं असायची आणि दोन्ही तो सारख्याच खात्रीने सांगायचा.

मी बी.एस्सी. कॉम्प्युटर. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणाला ते आपणहून सुचणार नाही.

* * *

लोडशेडिंगचे दिवस होते. सबनीस काका सकाळपासून एक लांबलचक तक्ता टाइप करत होते. यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती. जेवायच्या आधी वीज गेली. परत आली तेव्हा काकांसमोर कोरा पडदा.

"पण मला दिसत होतं की समोर," काका म्हणाले. "दिसत होतं म्हणजे आत होतंच ना?"

इम्तियाजभाई आला. "काका, दिसतं ते रॅममध्ये असतं. रॅम म्हणजे घरातला ओटा. काम चालू आहे तोवर सगळं ओट्यावर मांडलेलं. हार्ड डिस्क म्हणजे कपाट. सेव्ह केलं की कपाटात जातं. वीज गेली की ओटा साफ. कपाटातलं तेवढं सलामत."

शेठ दारात उभं राहून ऐकत होते. म्हणाले, "मंग ओटा मोठा करा."

रॅम दुप्पट झाली. थोड्या दिवसांनी पुन्हा वीज गेली, पुन्हा काकांनी सेव्ह केलेलं नव्हतं, पुन्हा पडदा कोरा. शेठनी इम्तियाजभाईला फोन लावला.

"दुप्पट टाकली ना रं तू? मंग निदान अर्धं तरी राहायला पायजे व्हतं."

त्या दिवशी इम्तियाजभाईकडे एकही मत नव्हतं.

काकांना कुणी काही बोललं नाही. वय झालंय, विसरतं माणूस, असं म्हणून सगळे कामाला लागले. ही सवलत ऑफिसात नेमकी कुणाकुणाला मिळते, ते मी तेव्हाच नीट पाहून ठेवायला हवं होतं.

* * *

आता कबुतरं.

दर महिन्याचा डेटा मी एका सीडीवर उतरवायचे, वर मार्करने महिना लिहायचे आणि सबनीस काकांच्या खणात ठेवायचे. एकदा सोनोग्राफीसाठी सुट्टी घेतली. दुसऱ्या दिवशी गोडाऊनमध्ये शिरले तर छताखालच्या लोखंडी पट्ट्यांना सुतळीने काहीतरी चमचमतं टांगलेलं. वाऱ्यावर गोल गोल फिरत होतं. खालून मान वर करून पाहिलं तर माझंच अक्षर. "मार्च, फायनल."

शेठना कुणीतरी सांगितलं होतं की चमकणाऱ्या वस्तू टांगल्या की कबुतरं येत नाहीत. काकांनी खण उघडून दिला होता. "जुन्याच होत्या गं," ते म्हणाले. "नवीन महिन्याची मी दिली नाही."

"शेठ, तो बॅकअप आहे आपला."

"असू दे की. हाय तिथंच हाय. पळून कुठं जातंय?"

मी समजावायला गेले. आपण लिहितो त्या सीडीत रंगाचा एक पातळ थर असतो, लेझर त्यात बारीक बारीक डाग पाडतो, ते डाग म्हणजेच आपला डेटा. उन्हात तो रंग उडतो. रंग उडाला की वाचायला काही उरत नाही. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं. ऐकताना ते फार समजूतदार दिसतात.

"बरं. मंग ऊन नाय येत त्या बाजूला टांगू."

मला सातवा महिना लागला होता आणि शिडी उंच होती. मैत्रिणी नेहमी विचारतात, "मग कबुतरं गेली का?" नाही. एका जोडीने एप्रिलच्या सीडीमागे घरटं बांधलं.

* * *

खंडेनवमीला यार्डात दणक्यात पूजा असते. क्रेनला हार, ट्रेलरच्या चाकांखाली लिंबं, वजनकाट्याला हळदकुंकू. पूजेला मांडलेलं अवजार त्या दिवशी वापरायचं नाही, असा शेठच्या घरचा नियम. त्या वर्षी त्यांना वाटलं, ऑफिसातलं खरं हत्यार तर सगळा डेटा सांभाळणारा सर्व्हर.

"बंद करा त्याला. वरीसभर राबतंय. एक दिवस इसावा नको?"

मी म्हटलं, त्याला वेगळा इन्व्हर्टर आहे, आल्यापासून तो कधी बंदच झालेला नाही, राहू दे चालू. काका म्हणाले, "देवाच्या कामात कशाला आडवं जातेस, तेही अशा अवस्थेत?" सर्व्हर बंद झाला. त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. इतकं शांत ऑफिस मी कधी ऐकलं नव्हतं.

दसऱ्याला बटण दाबलं. आतून टक्, टक्, टक् असा आवाज आला, दुसरं काही नाही.

इम्तियाजभाईने कान लावला. "मॅडम, आत थाळी फिरते गरागरा. तिच्यावर डोकं तरंगतं, केस घुसणार नाही इतक्या जवळ, पण टेकत नाही. फिरत होती तोवर हवेवर तरंगत होतं. थांबली, गार झाली, तिथेच चिकटलं." मग दुसरं मत आलं. "नाहीतर मग हळद गेली."

सीड्या सुतळीवरून उतरवल्या. एकेक घालून पाहिली. सुमारे वर्षाचा डेटा गेला होता. गेटवरच्या पावत्यांचे गठ्ठे माझ्या टेबलावर आले, आणि ते सगळं मी पुन्हा चढवलं, आठव्या महिन्यात, सुजलेले पाय खोक्यावर ठेवून. कबुतरांची विष्ठा चिकटलेल्या सीड्या शेजारीच पडलेल्या असत, म्हणजे विसर पडायला नको.

काम संपलं आणि माझी रजा सुरू झाली. निरोप देताना शेठ म्हणाले, "तुमी या बरं लवकर. बघितलं ना, मशीन एकदा बंद राह्यलं की पुन्ना सुरू व्हत नाय."

काका हसले. मीही हसले. मला वाटलं, सर्व्हरबद्दलच बोलतायत.

* * *

रजेवरून परतले तर माझ्या खुर्चीत शेठचा भाचा. रोशन. बारावीनंतर खारघरच्या एका क्लासमध्ये हार्डवेअर शिकत होता आणि एव्हाना मामाच्या ऑफिसचा 'सिस्टिमवाला' झाला होता.

माझा पासवर्ड चालेना.

"ताई, तुमचं अकाउंट डिलीट केलं मी. जागा पायजे व्हती."

"कशाला?"

फोल्डर उघडून पाहिला तर सिनेमे, नाव आणि नायकाप्रमाणे नीट लावलेले. इतकी शिस्त मी माझ्या कामातही पाहिली नव्हती.

इम्तियाजभाई म्हणाला, "घाबरू नका. डिलीट म्हणजे काय? बिल्डिंगच्या खाली पाट्या असतात ना नावांच्या? तिथून पाटी काढली. माणूस अजून वर घरातच आहे. दुसरा कुणी राहायला येत नाही तोवर सापडतो."

दुसरा राहायला आला होता. माझे अर्धे तक्ते परत मिळाले. उरलेले उघडले की नुसते चौकोन आणि उलटीसुलटी प्रश्नचिन्हं. रांगांचा जो नकाशा मी काही महिने खपून बनवला होता, त्याच्या जागेवर एक अख्खा सिनेमा बसला होता.

"पण पिक्चर चांगला हाय, ताई," रोशन म्हणाला. "घरी नेऊन बघा."

मला वॉटर कूलरशेजारचं टेबल मिळालं. काम काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी रोज विचारायचे, आणि रोज विचारणं शहाणपणाचं आहे का, असंही स्वतःला विचारायचे.

* * *

काम इम्तियाजभाईने मिळवून दिलं, तेही चुकून. खंडेनवमीच्या धड्यानंतर त्याने दोन छोट्या हार्ड डिस्क घ्यायला लावल्या होत्या. दर शनिवारी बॅकअप एकीवर घ्यायचा. एक ऑफिसात ठेवायची, दुसरी इमारतीच्या बाहेर, म्हणजे आग लागली, पाणी शिरलं तरी एक वाचेल.

"भायेर म्हंजे? वॉचमनच्या केबिनात?" शेठनी विचारलं.

"दुसऱ्या ठिकाणी, शेठ. कुणाच्या तरी घरी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी तर सहाला निघताच," शेठ म्हणाले. पाळणाघर साडेसहाला बंद व्हायचं, म्हणून मी सहाला निघायचे. त्या 'च'वर शेठनी जो जोर दिला, तो मला नवीन पनवेलला घरी पोचेपर्यंत पुरला.

अशी घरत शेठच्या अख्ख्या धंद्याची स्मरणशक्ती ओवीच्या पिशवीत आली. लंगोटात गुंडाळलेली, दुधाच्या बाटलीशेजारी. सिक्स सीटर रिक्षात बसले की एका मांडीवर ओवी आणि एका मांडीवर पिशवी. खड्डा आला की हात आधी कुणावर जातो, हे मी मनाशी पाहायचे, आणि मग पाहणं बंद केलं.

"डिस्क जपा हां, मॅडम," इम्तियाजभाईने बजावलं होतं. "एकदा आपटली की गेली. पोरं लवचिक असतात."

पाळणाघरातल्या नाईक काकूंनी एकदा लंगोट शोधताना ती बाहेर काढली. "हा काय गं, तुझा डबा?"

"नाही काकू, ऑफिस आहे."

"इथे ठेवून जाऊ नकोस हं," काकू म्हणाल्या. "मी फक्त मुलं सांभाळते."

सोमवारी ऑफिसात पाय ठेवला की काका विचारायचे, "डिस्क बरी आहे ना?" दमटपणा, मुंग्या, ओवीची लाळ, या सगळ्यांपासून मी ती वाचवून आणलेली असायची. म्हणायचे, "बरी आहे."

एकदा ओवी तापाने फणफणली. मी शेठना फोन केला.

"शेठ, आज येता येणार नाही. खूप गरम लागतंय अंग. डॉक्टरकडे नेतेय."

मग शेठ खऱ्या काळजीने म्हणाले, "डॉक्टरकं कशाला? इम्तियाजला दाखवा ना आधी."

* * *

रोशनने हजेरीसाठी अंगठ्याचं मशीन बसवलं. दहापर्यंत अंगठा लागला नाही की कॉम्प्युटर आपणहून त्या माणसाला मोबाइलवर गैरहजेरीचा मेसेज पाठवायचा. शेठ खूश झाले. फोन करून ओरडायचा त्रास वाचला.

त्या पावसाळ्यात ओवी सारखी आजारी. मला ते मेसेज इतके यायचे की समीर, माझा नवरा, म्हणायचा, "तुझ्या ऑफिसातलं हे मशीन तेवढं न चुकता तुझी आठवण काढतं."

शेवटी शेठनी बोलावलं. आवाज चढवला नाही. चहा मागवला. म्हणाले, "पोरगी लहान हाय. तिला आईची गरज हाय. घरी बसा दोनतीन वरसं. आमची पण लेकरं हायत, आमाला समजतं."

मला म्हणायचं होतं की घराचा हप्ता एका पगारात निघत नाही. मला म्हणायचं होतं की मी हे काम चांगलं करते. त्याऐवजी मी म्हटलं, "शेठ, या आठवड्याची डिस्क माझ्या घरी आहे."

"राहू द्या. रोशन येऊन घेऊन जाईल."

रोशन माझं नाव कॉम्प्युटरवरच्या हजेरीतून काढत होता. या खेपेला त्याने मला विचारलं, "ताई, करू ना?"

तो डिस्क न्यायला आला नाही. मी दोनदा फोन केला. "हा हा, ताई, येतो." मग मीही सोडून दिलं. डिस्क कपाटात, ओवीच्या लसींच्या फाइलवर पडून राहिली. मी नोकरी शोधत होते. मुलाखतीत सगळीकडे पहिला प्रश्न, मूल केवढं आहे.

* * *

गणपती होऊन गेले होते. एका दुपारी दाराची बेल वाजली. बाहेर घरत शेठ, हातात पेढ्यांचा पुडा, मागे इम्तियाजभाई. शेठ तीन जिने चढून धापा टाकत होते.

सर्व्हर पुन्हा गेला होता. ऑफिसातली डिस्क रोशनने शेठच्या घरी नेली होती, नव्या टीव्हीला लावून पिक्चर बघायला. टीव्हीला ती वाचता येईना. टीव्हीने पडद्यावर विचारलं, फॉरमॅट करू का? रोशन हो म्हणाला.

"आणि मग वर सिनेमे भरले," इम्तियाजभाई म्हणाला. त्या दिवशी त्याचं एकच मत होतं.

शेठ सोफ्याच्या कडेला बसले. मी पाणी दिलं. ओवी रांगत जाऊन त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मोठी झाली," ते म्हणाले.

मी डिस्क आणून दिली. अजून लंगोटातच होती. शेठनी ती दोन्ही हातांनी घेतली, प्रसाद घेतात तशी. काहीतरी बोलतील असं वाटलं. जिना उतरता उतरता ते थांबले आणि वर पाहिलं. मी दारात उभीच होते.

"तुमी व्हता म्हणून वाचलो," ते म्हणाले.

व्हता. त्यांनी भूतकाळच वापरला. तरी ते गेल्यावर मी नाईक काकूंना फोन करून विचारलं, ओवीची जागा अजून आहे का. काकू म्हणाल्या, सोमवारपर्यंत थांबते.

संध्याकाळी इम्तियाजभाईचा फोन. "चढला, मॅडम, सगळा डेटा चढला. शेठनी पेढे वाटले."

"माझ्याबद्दल काही म्हणाले का?"

"नाही. गडबडीत आहेत ना. एवढंच आहे की तुमच्या डिस्कनंतरचं सर्व्हरला काहीच ठाऊक नाही. ऑफिस आता तुम्ही होता त्या शनिवारवर उभं आहे. मधले महिने झालेच नाहीत असं समजतंय मशीन. ते रोशन बसून भरेल हळूहळू."

शनिवार गेला. रविवारी मी मोबाइल हातातून खाली ठेवला नाही. सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास ओवीला नाचणीचं सत्त्व भरवत होते, तेव्हा तो वाजला. हात खरकटे होते, म्हणून निघायच्या तयारीतल्या समीरला म्हटलं, बघ रे, ऑफिसचा आहे का.

"ऑफिसचाच आहे," तो म्हणाला.

"वाच ना."

"'अनघा मॅडम, आपण आज कामावर गैरहजर आहात. कारण न कळवल्यास आपली सेवा समाप्त करण्यात येईल.'"

ओवीने तोंड मिटून घेतलं होतं. मी चमचा तसाच धरून बसले.

"कळव की कारण," समीर म्हणाला.